तंदुरुस्तीचा दाखला

१२ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. सुखरूप पोचले. फोन केला होता, पण तुम्ही दोनदा "कोण? गॅसवाला का?" म्हणून ठेवून दिलात, तेव्हा आपलं जुनं पत्रच बरं. नाहीतरी इथे फोनवर फार बोलत नाहीत.

अध्यक्षांच्या निवासात मला तळमजल्यावर, त्यांच्या अभ्यासिकेला लागून खोली मिळाली आहे. एक टेबल, तपासणीचा पलंग, हात धुवायचं बेसिन, ऑक्सिजनचं सिलिंडर आणि एक खिडकी, तिच्यातून फक्त उभ्या केलेल्या गाड्या दिसतात. काळी बॅग सतत हाताशी ठेवायची. वजन करून पाहिलं, अकरा किलो भरली. निवासात साहेब कुठेही असोत, दीड मिनिटात मी त्यांच्यापर्यंत पोचायला हवं असा नियम आहे. पहिल्याच दिवशी सुरक्षा अधिकाऱ्याने घड्याळ लावून मला बॅगेसकट जिना चढायला लावला. चौऱ्याहत्तर सेकंद. "ठीक आहे," म्हणाला, आणि स्वतः धापा टाकत बसला.

सीमेवरच्या हॉस्पिटलात सहा वर्षं काढल्यावर हे फार विचित्र वाटतं. तिथे दिवसाला तीन-तीन ऑपरेशनं, वर रक्त आणि खाली चिखल. इथे एका धडधाकट माणसाच्या दाराबाहेर दिवसभर बसायचं. सहा वर्षं आगी विझवल्या, आता न लागलेल्या आगीशेजारी बादली घेऊन बसले आहे.

एक गोष्ट आत्ताच सांगते, रागावू नका. मी कुणाची डॉक्टर आहे ते सगळ्या देशाला माहीत आहे. पण त्यांना काय होतं, काय होत नाही, हे मी तुम्हालासुद्धा लिहिणार नाही. एवढंच सांगते की माणूस बरा आहे. पहिल्या भेटीत विचारलं, "तुम्हाला कर्नल म्हणायचं की डॉक्टर?" मी म्हटलं, "बरे असाल तोवर कर्नल म्हणा." हसले.

मामीला नमस्कार.

तुमची भिंगरी


२० जानेवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. पत्र मिळालं. मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणते हळू वाचलंत तरी चालेल, बहिरे तुम्ही आहात, मी नाही.

पेपरात तुझा फोटो आला. म्हणजे फोटो अध्यक्षांचा. ते कसलीशी फीत कापत आहेत आणि मागे तुझा डावा कान नि बॅग. कान आपल्या घराण्याचा, लगेच ओळखला. मामीने भिंग लावून खात्री केली आणि मग गल्लीभर पेपर फिरवून आली.

त्याचे परिणाम मी भोगतोय. शेजारचे रिटायर पोस्टमास्तर काल गुडघे घेऊन आले. "अध्यक्षांच्या गुडघ्यांना काय देतात, जरा भाचीला विचारा." मी म्हटलं, अध्यक्षांना गुडघे आहेत की नाहीत हेच मुळी सरकारी गुपित आहे. बिचारे मान डोलावून गेले.

तू सांगणार नाहीस म्हणून मी कशाला रागावू? पस्तीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडरकी केली. कुणाला कशाची पुडी दिली हे बाहेर बोललो असतो तर या गावात निम्मी लग्नं जमली नसती आणि उरलेली मोडली असती. तोंड बंद ठेवणं हेही औषधच आहे.

बादली घेऊन बसण्याचं म्हणशील, तर बस. तुला लहानपणापासून एका जागी बसणं जमत नव्हतं, म्हणून तर भिंगरी. सरकारने शेवटी बसवलं म्हणायचं.

मामा


१ मार्च

प्रिय मामा,

उत्तराला उशीर झाला. दौरे चालू होते. साहेबांच्या चार पावलं मागे चालायचं, ते थांबले की थांबायचं, आणि टाळ्या मात्र वाजवायच्या नाहीत, कारण हातात बॅग. या दोन महिन्यांत मी सतरा भाषणं ऐकली. त्यातली पंधरा एकच आहेत.

इथे आता रुळले. स्वयंपाक्याशी दोस्ती झाली आहे. त्याला वाटतं मी मिठाच्या बरणीवर पाळत ठेवायला आले आहे, आणि ते अगदीच खोटं नाही. माळ्याच्या बोटात काटा गेला होता, तो काढला. साहेबांनीच त्याला पाठवलं होतं. "आमच्या डॉक्टरांना काम नाही, त्यांची सवय जाईल" असा निरोपही होता. तसं पाहिलं तर मी मजेत आहे. या माणसाचं काम जवळून बघणं मला आवडतं. समोरचा बोलतो तेव्हा ते खरंच ऐकतात, हे मी फार थोड्या मोठ्या माणसांत पाहिलं.

मामा, एक विचारायचं होतं. दवाखान्यात तुम्ही नोकरीवाल्यांना तंदुरुस्तीचे दाखले द्यायचात ना? समजा, माणूस चांगला आहे, त्याला दाखला हवा आहे, त्याच्यावर बरंच अवलंबून आहे. आणि दाखला द्यावा असं मन सांगत नाही. त्रास तसा मोठा नाही, इलाजही आहे, पण कुणाला कळू नये अशी इच्छा आहे. अशा वेळी तुमचे डॉक्टर काय करायचे? सहज विचारते आहे. फार विचार करू नका.

भिंगरी


८ मार्च

चि. भिंगरीस,

"सहज विचारते" आणि "फार विचार करू नका" असं तू आयुष्यात दोनदाच लिहिलंस. पहिल्यांदा लिहिलंस तेव्हा सायकलवरून पडून हात मोडला होता. तेव्हा आता स्पष्ट विचारतो. तुला काय झालंय? ब्लडप्रेशर? तुझ्या आईला चाळिशीतच निघालं होतं. सैन्यात तुमची दरवर्षी तपासणी होते हे मला ठाऊक आहे. काहीतरी निघालंय, आणि हे मोठ्या जागेवरचं काम जाईल म्हणून तू दाबून ठेवते आहेस. खरं ना?

तर मग ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मामीलाही नाही. तिला पत्र वाचून दाखवताना हे पान गाळणार आहे.

तू तेव्हा शाळेत होतीस. आपल्या गावच्या बसवर एक ड्रायव्हर होता, उंच, बोलका, माझ्याच वयाचा. दरवर्षी दाखल्याला यायचा. त्या वर्षी आत डॉक्टरांपाशी दुसरा पेशंट होता, म्हणून हा बाहेर बाकावर बसला. मी त्याला पाणी दिलं. बोलता बोलता त्याची नजर शून्यात अडकली, ग्लास हातातून पडला, आणि अर्ध्या मिनिटाने तो "काय म्हणत होतो मी?" म्हणून हसला. मग माझा चेहरा पाहून हसायचा थांबला. माझा हात धरला. "कंपाउंडर, आत बोलू नका. घरात सहा तोंडं आहेत. पुढच्या महिन्यात शहरात जाऊन दाखवतो, शप्पत."

डॉक्टरांनी त्याला तपासलं तेव्हा सगळं ठीक होतं. दाखला मीच लिहिला, मीच सहीला पुढे केला. एक अक्षर बोललो नाही.

तीन महिन्यांनी बस रस्ता सोडून कोरड्या नाल्यात गेली. माणूस कुणी गेलं नाही, ते नशीब. पाच जण जखमी झाले. ड्रायव्हरचा पाय कायमचा वाकडा झाला आणि नोकरी गेली. त्या पाचही जणांना पट्ट्या मीच बांधल्या. आमचे डॉक्टर शेवटपर्यंत म्हणत, "माझ्या नजरेतून सुटलं कसं हो?" मी बाटल्या पुसत राहायचो.

मी त्याच्यावर दया केली असं तेव्हा मला वाटलं होतं. ती दया नव्हती, बाळ. "नाही" म्हणायला जीभ उचलत नव्हती, इतकंच.

म्हणून सांगतो, जे काय असेल ते वरिष्ठांना सांगून टाक. नोकरी गेली तर गेली. मामीने खोली झाडून ठेवली आहे. तिला कारण सांगितलेलं नाही, पाहुणे येतील म्हटलंय.

मामा


१६ मार्च

प्रिय मामा,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. मला काहीही झालेलं नाही, ब्लडप्रेशर एकशे अठरा-शहात्तर, मामीची शपथ.

पत्ता बदलला आहे, मागच्या बाजूला लिहिला आहे. आता राजधानीतल्या सैनिकी रुग्णालयाच्या औषध भांडारात असते. बँडेजची खोकी मोजून यादी करायची. जागा कोरडी आहे, चहा गरम मिळतो. कारण विचारू नका. तुमच्या त्या पानाबद्दल नंतर कधीतरी लिहीन. आत्ता इतकंच, की ते पान तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

भिंगरी


२४ मार्च

चि. भिंगरीस,

अध्यक्षांच्या शेजारून उठवून खोकी मोजायला बसवलं, म्हणजे नक्कीच कुणाशी तरी भांडलीस. जीभ तुझ्या आजीची आहे. गावात बातमी माझ्याआधी पोचली. पेपरातल्या नव्या फोटोत तुझ्या कानाच्या जागी कुणा पुरुषाचा कान आहे. पोस्टमास्तर म्हणाले, "भाचीला काढलं वाटतं?" मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. बहिरेपणाचा एवढा एकच फायदा आहे.

खरं सांगू? मला वाईट वाटलं, आणि का कोण जाणे, बरंही वाटलं. तू काय केलंस ते मला माहीत नाही. पण मुकाट्याने पुढे सरकवलेल्या कागदापायी कुणाला शिक्षा झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

खाली मामी लिहिते आहे, तिला जागा सोडतो.

मामा

भिंगरे, मी मामी. तुझे मामा रोज पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसतात आणि मला सांगतात ऊन खातोय. खोली झाडून पंधरवडा उलटला, पाहुण्यांचा पत्ता नाही. मला वेडी समजू नका दोघं. तुला यायचं असेल तर ये, नसेल तर नीट जेव. आणि खोकी एकटीने उचलू नकोस, कंबर धरते.


११ एप्रिल

प्रिय मामा आणि मामी,

पेपर वाचला असेलच. आता सगळं छापून आलं आहे, आणि साहेब स्वतः म्हणाले, "तुमच्या मामांना लिहून टाका," म्हणून पहिल्यापासून लिहिते.

फेब्रुवारीत एका सभेत साहेब बोलता बोलता थांबले. लोकांना वाटलं, शब्द शोधत आहेत. टाळ्या पडल्या. आठवड्याने नाश्त्याला चमचा हातात धरून पुन्हा तसंच झालं. मी नाडी धरली. तुमच्या दवाखान्यात तुम्ही शिकवलं होतंत, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, पूर्ण मिनिट मोजायचं. चाळीस सेकंदांपर्यंत सगळं ठीक होतं. मग नाडी नाहीशी झाली, आणि परत आली. छातीवर यंत्र बांधून दिवसभराची नोंद घेतली. हृदय मधूनच पाच सेकंद थांबत होतं.

इलाज सोपा होता. कॉलरबोनखाली काडेपेटीएवढा पेसमेकर बसवायचा, तासाभराचं काम. पण दरवर्षी मार्चमध्ये अध्यक्षांच्या तंदुरुस्तीचा दाखला जाहीर करावा लागतो, आणि निवडणूक सप्टेंबरात. सचिव म्हणाले, "आत्ता दाखला द्या, पेसमेकर निवडणुकीनंतर बसवू."

साहेबांनी मला बोलावलं. शांतपणे विचारलं, "पाच सेकंदांत काय होतं?"

"काही होत नाही, साहेब. पाच सेकंदांनी पुन्हा सुरू झालं, तर."

"आणि आपण सप्टेंबरपर्यंत थांबलो तर?"

"कदाचित काहीच होणार नाही. पण तुम्ही सही करता, हुकूम देता. देशाला खोटं सांगून मी सही करणार नाही."

"तुम्ही सैनिक आहात. हा हुकूम आहे असं म्हटलं तर?"

त्या दिवशी सकाळीच तुमचं पत्र आलं होतं, मामा. माझ्या खिशात होतं. तुम्ही काळजी माझी करत होतात, आणि उत्तर मात्र नेमकं माझ्या प्रश्नाला दिलं होतंत. मी म्हटलं, "नाडी मोजायचा हुकूम मी मानेन, साहेब. ती किती भरली, हे हुकमाने ठरत नाही."

मी बाहेर कुणाला सांगणार नाही, हेही मी त्यांना सांगितलं. ते गुपित त्यांचं. मी फक्त सही करणार नव्हते. दाखल्यावर "तूर्त अपात्र" लिहून तो आमच्या जनरल डॉक्टरांकडे दिला. त्यांनी कागद पाहिला, मला पाहिलं, आणि म्हणाले, "तुमची इतकी चांगली कारकीर्द होती." होती! दुसऱ्या दिवशी मी भांडारात.

खरं सांगते, पहिले दोन दिवस रडले. मग खोकी मोजायला लागले. मग झोपही यायला लागली.

माझ्या जागी दुसरे डॉक्टर आले. पुढचं मला साहेबांनीच सांगितलं. "त्यांनी माझं मनगट धरलं," म्हणाले, "घड्याळाकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या हाताने सही करत होते. डॉक्टर, इतकी वर्षं राजकारणात काढली, पण तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. म्हटलं, उद्या मी मेलो तरी हे गृहस्थ माझी तब्येत उत्तम असल्याचं लिहून देतील."

तो दाखला त्यांनी जाहीर केलाच नाही. आठ दिवस टेबलाच्या खणात ठेवला. नंतर एका दुपारी भांडाराच्या दारात मला न्यायला साहेबांची गाडी आली. मी यादीच्या चौदाव्या पानावर होते.

ऑपरेशन झालं. उपाध्यक्षांनी दोन दिवस कारभार पाहिला. तिसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः टीव्हीवर येऊन सगळं सांगितलं, शर्टाचं वरचं बटण काढून पट्टीही दाखवली. पेपरांनी चार दिवस व्यंगचित्रं काढली, मग त्यांना दुसरा विषय मिळाला. माझी खोली मला परत मिळाली. स्वयंपाक्याने स्वागताला सूप पाठवलं, ते इतकं अळणी होतं की मलाच वरून मीठ घ्यावं लागलं.

भिंगरी


२३ एप्रिल

चि. भिंगरीस,

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं आणि "तुमचं पत्र खिशात होतं" इथे अडकलो. आता ते गाळलेलं पान काय होतं ते सांगणं भाग पडलं. सगळं सांगून मान खाली घालून बसलो. मामी म्हणाली, "मला ठाऊक आहे. तुम्ही झोपेत बोलता, आणि बहिरे आहात म्हणून ओरडून बोलता." इतकी वर्षं हे तिला ठाऊक होतं!

मग तिनेच चपला घातल्या. "चला," म्हणाली, "भाचीने अध्यक्षांना तोंड दिलं, तुम्हाला एका ड्रायव्हरला देता येत नाही?"

तो पलीकडच्या गावात मुलाकडे असतो. सायकली दुरुस्त करतो, पाय वाकडा आहे पण हात सरळ आहेत. मला पाहून उठला. मी उभ्याउभ्याच सांगितलं, की त्या दिवशी मी आत बोलायला हवं होतं, बोललो नाही, चूक माझी. तो म्हणाला, "कंपाउंडर, मी तर इतकी वर्षं धरून चाललो होतो की मी तुम्हाला फसवलं. शहरात दाखवतो म्हणालो आणि गेलोच नाही. म्हणून तर तुमच्या गावात पाय ठेवला नाही."

दोघंही एकमेकांना तोंड चुकवत होतो बघ. मी विचारलं, "तेव्हा मी नाही म्हटलं असतं तर?"

"शिव्या घातल्या असत्या. वर्षभर."

"वर्षभरच?"

"फार तर दोन. मग इलाज केला असता." आणि वर म्हणाला, "त्या शिव्या अजून शिल्लक आहेत, घालू का?"

मी म्हटलं, घाल. त्याने घातल्या. मला निम्म्याच ऐकू आल्या. मामीने उरलेल्या घरी येताना सांगितल्या.

मामा


१४ ऑक्टोबर

प्रिय मामा आणि मामी,

निवडणुकीचा निकाल तुम्हाला कळलाच आहे. साहेब हरले, थोडक्यात. हृदयामुळे हरले असं मात्र त्यांच्या शत्रूंनाही म्हणता आलं नाही. प्रचारात सगळ्यांत जास्त फिरले ते तेच. स्वयंपाकी म्हणतो, भाषणं एकसारखी होती म्हणून हरले, आणि मी ऐकलेल्या सतरांतली पंधरा एकच असल्याने मला वाद घालता येईना.

शेवटच्या दिवशी ते माझ्या खोलीत आले, पलंगावर बसले आणि स्वतःच हात पुढे केला. पूर्ण मिनिट मोजलं. बहात्तर. "यातलं काही सरकारजमा करायचं नाही ना?" म्हणाले, आणि मजेत घरी गेले. मला लेफ्टनंट कर्नलची पूर्ण कर्नल केल्याचा कागद त्याच आठवड्यात आला. जनरल डॉक्टरांनी अभिनंदनाचा फोन केला आणि तीन मिनिटं हवापाण्याबद्दल बोलले.

नवे अध्यक्ष आपला डॉक्टर घेऊन येतात अशी इथली पद्धत. मी सामान बांधलं होतं. सीमेवर परत पाठवा असा अर्जही लिहिला होता. नव्या अध्यक्षा पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. पहिल्याच सकाळी त्यांनी बोलावलं. टेबलावर फायलींचा ढीग, कॉफीचे दोन रिकामे कप, तिसरा हातात. त्यांनी एक चिठ्ठी माझ्यापुढे धरली. साहेबांचं अक्षर.

"चालू फायली डाव्या कपाटात आहेत. सचिव बदला. डॉक्टर बदलू नका. ती नाही म्हणते."

"मला 'नाही' ऐकायची फारशी सवय नाही," बाई म्हणाल्या.

"होईल, मॅडम."

चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या, फळ्यावरचं गणित चुकलं की बघतात तसं. "मग पहिलं 'नाही' कधी म्हणणार आहात?"

मी त्यांच्या हातातल्या कपाकडे पाहिलं. "आत्ताच."

त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "मग हा तुम्ही संपवा," म्हणाल्या, "आणि बसा."

मी बसले, मामा.

तुमची
भिंगरी